पालकांसोबत बेरीज-वजाबाकी: आठ शनिवारांच्या कामाच्या नोंदी (चुकांसकट)

२८ जुलै

कुणाला असं काही करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतेय. ४ ते ७ वयाची मुलं असलेल्या आईबाबांसाठी दर शनिवारी दीड तास, सहा सत्रं ठरवलीत. मुलांना गणित शिकवायचं नाहीये. मूल मोजायला, मिळवायला, काढायला शिकतं तेव्हा त्याच्या डोक्यात काय चाललेलं असतं ते पालकांना दिसावं, एवढंच. कारण मी वर्गात शिकवायचे तेव्हा बघितलंय की अर्ध्या पोरांची गणिताची भीती घरून तयार होऊन येते आणि ती देणारे आईबाबा अतिशय प्रेमळ असतात.

तयारी: प्रोजेक्टरवर दाखवायला ३८ स्लाइड्स. दोन रविवार आणि चार रात्री गेल्या. खूष आहे.

३ ऑगस्ट, सत्र १

पडलं. सपशेल.

२२ जण आले होते. मी मोजण्याची पाच तत्त्वं सांगत होते (गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मांडलेली, एका वस्तूला एकच अंक, अंकांचा क्रम ठरलेला, शेवटचा अंक म्हणजे एकूण, वगैरे) आणि बाराव्या स्लाइडला माझ्या लक्षात आलं की समोरचे सगळे मान डोलावतायत. मान डोलावणं हे वाईट लक्षण आहे. एक आजोबा नातवासाठी आले होते, ते शेवटी म्हणाले, "ताई, हे सगळं ठीक आहे, पण पाढे कधी घ्यायचे?" आणि एका आईने विचारलं की माझी मुलगी शंभरपर्यंत म्हणते, मग तिला आता दोन अंकी बेरजा द्यायच्या ना? म्हणजे तासभर मी जे बोलत होते ते तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, आणि चूक तिची नव्हती.

५ ऑगस्ट

दोन दिवस डोकं खाजवलं. अडचण अशी आहे की मोठ्या माणसाला ५ + ३ हे *दिसतं*, करावं लागत नाही. आपण ते कधी शिकलो ते आपल्याला आठवतच नाही, आणि जे आठवत नाही ते सोपंच असणार असं वाटतं. मग पोरगं अडलं की "अरे एवढं साधं येत नाही?"

म्हणजे मला आधी पालकांना पुन्हा पाच वर्षांचं करायला हवं. स्लाइड्स सगळ्या डिलीट केल्या. (एक कॉपी ठेवलीये, जीव होत नाही.)

१० ऑगस्ट, सत्र २

१३ जण आले. नऊ गळाले, पहिल्या शनिवारची किंमत.

आज आकडे बंद. फळ्यावर एवढंच लिहिलं: क ख ग घ ङ च छ ज झ ञ ट ठ ड ढ ण. क म्हणजे एक, ख म्हणजे दोन, असं पुढे. मग फळा पुसला आणि विचारलं, ग अधिक च किती? उत्तर अक्षरातच द्यायचं, आकड्यात भाषांतर करायचं नाही.

शांतता. मग हळूहळू तेरा मोठ्या माणसांची बोटं हलायला लागली, काहींची टेबलाखाली! एका बाबांनी एका हातावर क-ख-ग मोजलं, दुसऱ्यावर क-ख-ग-घ-ङ, बोटं संपली, मग परत पहिल्या हातावर आले आणि तिथलं ग विसरले. उत्तर झ आहे, तीन अधिक सहा. सात जणांचं बरोबर आलं आणि सगळ्यात वेगवान माणसाला सुद्धा बराच वेळ लागला.

मग छ अधिक घ. मग झ वजा ग. इथे सगळे कोलमडले, कारण कखग आपल्याला फक्त पुढे म्हणता येतं, मागे कुणी म्हणतच नाही. "झ च्या आधी काय?" यासाठी प्रत्येकजण क पासून मनात म्हणत होता. एकजण ओठ हलवत पुटपुटत होत्या, त्यांना मी मुद्दाम म्हटलं, "अहो मनात करा, ओठ हलवायचे नाहीत आणि हात टेबलावर ठेवा." त्यांचा चेहरा पडला. मग दोन सेकंदांनी त्या स्वतःच हसल्या आणि म्हणाल्या, "मी रोज हेच करते त्याच्याशी."

मला पुढे काही समजावून सांगावंच लागलं नाही. ज्या गोष्टीला ३८ स्लाइड्स लागल्या असत्या ती वीस मिनिटांत झाली. वेळ देताना घाई करायची मात्र चूक केली, तिसऱ्या प्रश्नानंतर एक बाबा खरंच चिडले आणि मोबाईल बघत बसले. पुढच्या वेळी पहिले दोन प्रश्न क, ख, ग च्या आतलेच ठेवायचे.

१३ ऑगस्ट

साहित्याची पहिली भानगड. प्रत्येकाला घरी न्यायला एक पिशवी दिली होती, वीस बटणं, एक वाटी, दोन फासे. एका आईचा फोन आला, धाकट्याने बटण तोंडात घातलं. वेळेत दिसलं म्हणून वाचलं. मी ४ ते ७ वयाचा विचार केला होता, घरात त्यांचं दीड वर्षाचं भावंड असू शकतं हे डोक्यातच आलं नाही. लाज वाटली.

सगळ्यांना मेसेज केला, बटणं परत आणा. त्याऐवजी बाटल्यांची मोठी झाकणं, गिळता येणार नाहीत अशी. ओळखीच्या लोकांकडून गोळा केली, धुतली, वाळवली, दोन संध्याकाळी गेल्या. फुकटात झालं आणि बटणांपेक्षा चांगलं आहे, घरंगळत नाहीत, लहान हातात नीट मावतात. पण या बदलामुळे पुढे एक वेगळाच फटका बसला, तो २४ तारखेला लिहिलाय.

१७ ऑगस्ट, सत्र ३

आज मुलांसकट बोलावलं. प्रयोग एकच, मुलासमोर झाकणांचा ढीग ठेवायचा आणि म्हणायचं, "मला पाच दे." बस.

पहिल्या अर्ध्या तासात सगळी पाचच देत होती! मला कळेना. मग बघितलं तर पालक पोराच्या समोर बसले होते, आणि पाचवं झाकण उचललं की आईच्या भुवया वर जात होत्या. पोरं झाकणं मोजतच नव्हती, आईचा चेहरा वाचत होती (पोरं हुशार असतात, फक्त आपल्याला हव्या त्या गोष्टीत नाही). सगळ्या पालकांना मुलांच्या मागे, पाठीला पाठ लावून बसवलं आणि परत केलं.

आता खरं चित्र आलं. शंभरपर्यंत म्हणणाऱ्या मुलीने (तीच) मूठभर झाकणं उचलून दिली, नऊ होती. तिला म्हटलं मोजून बघ, तिने छान बोट ठेवून मोजली, एक ते नऊ. मग विचारलं, "मग किती आहेत?" तर तिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरवात केली. तिच्यासाठी "किती" म्हणजे "म्हणून दाखव". शेवटचा शब्द हा सगळ्या ढिगाचं नाव असतो हे अजून तिला सापडलेलं नाही. सव्वाचार वर्षांची आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, मुलांना आधी "एक" चा अर्थ कळतो, मग काही महिन्यांनी "दोन" चा, मग "तीन" चा, आणि त्यानंतर कधीतरी एकदम चावी फिरते. मानसशास्त्रज्ञ करेन विन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरवातीला हे अशाच "मला इतके दे" प्रयोगातून दाखवलं होतं. आकडे म्हणता येणं आणि संख्या कळणं यात एवढं अंतर असतं.

तिची आई गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे ती गाणं म्हणत होती." अगदी तेच. मी याहून चांगलं नसतं सांगू शकले.

एका पाच वर्षांच्या मुलापुढे सहा झाकणं जवळजवळ आणि सहा लांबलांब अशा दोन ओळी ठेवल्या, दोन्ही त्यानेच मोजल्या, दोन्ही सहा म्हणाला, आणि तरी लांब ओळीत जास्त आहेत म्हणाला. मानसशास्त्रज्ञ पियाजे यांचा जुना प्रयोग. त्याचे बाबा त्याला पटवायला लागले, "अरे पण दोन्ही सहा ना? मग?" पाच मिनिटं चाललं. मुलगा शेवटी "बरं" म्हणाला. बाबांना वाटलं पटलं. मी ओळी पुन्हा पसरवल्या, तो पुन्हा लांब ओळीकडे बोट दाखवून मोकळा.

घरी करायला दिलं: दिवसातून दोनदा काहीतरी मोजून *आणायला* सांगायचं. चार चमचे, तीन मोजे. म्हणायला सांगायचं नाही, आणायला सांगायचं. आणि चुकलं तर "चूक" न म्हणता दोघांनी मिळून मोजायचं.

२० ऑगस्ट

मी एक नोंदपत्रक दिलं होतं, त्यात रकाने: कितीपर्यंत मोजतं, कितीपर्यंत देतं, बरोबर/चूक. तीन दिवसात त्याची परीक्षा झाली. ग्रुपवर फोटो यायला लागले, "आमचा आठपर्यंत देतो", "आमची दहा". एका आईने तर लाल पेनाने टिक केलंय. पत्रक माझंच होतं, दोष माझाच.

नवीन पत्रक केलं, त्यात एकच रकाना: "आज त्याने काय केलं ते एका वाक्यात लिहा." टिक नाही, आकडा नाही. पहिल्या दिवशी कुणी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी एका बाबांनी लिहिलं, "मोजताना एक झाकण दोनदा मोजलं कारण मध्येच मांजर आली." हे पाहिजे होतं मला!

२४ ऑगस्ट, सत्र ४

आधी फटका. दहा खणांचे तक्ते छापून घेतले होते, पाच-पाचच्या दोन ओळी, म्हणजे सात ठेवले की "एक ओळ भरली आणि वर दोन" असं नजरेला दिसतं. तीस तक्ते, लॅमिनेशनसकट. खणांचं माप बटणांवरून घेतलं होतं. झाकण त्यात बसत नाही. शेजारच्या खणावर चढतं आणि लॅमिनेशनवरून सटकतं. अख्ख्या प्रकल्पाचा जवळजवळ अर्धा खर्च या तक्त्यांवर झाला होता आणि तो गेला. शेवटी जाड पुठ्ठ्यावर स्केचपेनने पालकांकडूनच आखून घेतले, दहा मिनिटात झाले, आणि खरखरीत पुठ्ठ्यावर झाकणं हलत पण नाहीत. आधी एक हाताने बनवून एका पोराला द्या, मग छापा.

आजचा विषय बोटं. सहा पालकांनी कबूल केलं की पोरगं बोटं मोजायला लागलं की ते हात खाली करायला लावतात, आणि दहा तारखेला टेबलाखाली स्वतःची बोटं मोजल्यावरही सांगतात, हे विशेष. मी म्हटलं आज फक्त बघा, बोटं *कशी* वापरतायत ते.

५ + ३ दिलं. सगळ्यात लहान दोघांनी एका हातावर पाच मोजली, दुसऱ्यावर तीन, मग सगळी पहिल्यापासून एक ते आठ. बहुतेकांनी "पाच" म्हटलं आणि पुढे "सहा, सात, आठ". एकीने म्हटलं, "तीन-तीन सहा, आणि दोन आठ." या तिन्ही वेगवेगळ्या पायऱ्या आहेत आणि बाहेरून उत्तर सगळ्यांचं आठच. वहीत तिघांनाही सारखी टिक मिळते. आणि गंमत म्हणजे एकच मूल एकाच दिवशी तिन्ही वापरतं, सोप्या बेरजेला वरची, अवघड आली की परत खालची, त्यामुळे "काल तर येत होतं" हे वाक्य पालकांच्या तोंडी सारखं येतं.

पण खरा दिवस सार्थकी लागला तो एका साडेपाच वर्षांच्या मुलामुळे, त्याचं उत्तर कायम एकने कमी येतं. ५ + ३ सात. ६ + २ सात. ४ + ४ सुद्धा सात. बाबा म्हणाले, लक्ष नसतं त्याचं. मी त्याला विचारलं, "कसं केलंस?" त्याने दाखवलं: एक बोट "पाच", दुसरं "सहा", तिसरं "सात". तीन बोटं झाली, थांबला. लक्ष शंभर टक्के होतं! फक्त पुढे मोजताना पाचालाच पहिलं धरत होता.

दुरुस्ती: पाच झाकणं वाटीखाली झाकली, वाटीवर ५ लिहिलेली चिठ्ठी. तीन बाहेर. "आत किती?" वाटीवर हात ठेवून "पाच", मग बाहेरच्या पहिल्या झाकणाला हात लावून... तो थांबला, वाटीकडे बघितलं, आणि "सहा" म्हणाला. चारेक वेळा केल्यावर वाटीशिवाय जमलं. दोन मिनिटांचं काम. बाबा सहा महिने "लक्ष दे, लक्ष दे" म्हणत होते.

आज सगळ्यांना एकच वाक्य घरी दिलं, "कसं केलंस?" आणि हे बरोबर उत्तरालाही विचारायचं, नाहीतर पोरं दोन दिवसात शिकतात की हा प्रश्न आला म्हणजे आपलं चुकलं.

२८ ऑगस्ट

पुढच्या सत्रासाठी खेळाचा पट बनवला. नागमोडी, १ ते ३०, मध्ये चित्रंबित्रं, दिसायला एकदम भारी. घरी भाचीवर ट्राय केला (तक्त्यांवरून धडा घेतला ना). तिला पहिल्या वळणावरच कळेना की आता डावीकडे जायचं की उजवीकडे, सगळं डोकं दिशेत गेलं, संख्या बाजूलाच राहिल्या. फेकला. तीन तास गेले. सरळ पट्टी केली, एका रेषेत दहा सारखे खण, डावीकडून १ ते १०. बास. रमाणी आणि सीग्लर या संशोधकांनी २००८ मध्ये असाच दहा खणांचा सरळ पट मुलांना खेळायला दिला होता, थोडे दिवस थोडा थोडा वेळ, आणि मुलांची संख्यांची समज सुधारली होती. एवढं साधं असूनही मला नागमोडी हौस सुचली.

३१ ऑगस्ट, सत्र ५

पट्टीवरचा खेळ. फाशावर फक्त १ आणि २ (सहाच्या फाशावर कागद चिकटवले). एक मोठी गोष्ट सगळ्यांना आधी सांगायची राहिली: सोंगटी ४ वर असेल आणि २ पडले तर मुलाने "पाच, सहा" म्हणत जायचं, "एक, दोन" नाही. "एक, दोन" म्हटलं की खेळ होतो पण खणावरचा आकडा कुणी बघत नाही. अर्धा तास सगळे "एक, दोन" खेळले. मग बदललं आणि लगेच मुलं अडखळायला लागली, म्हणजे आता काम सुरू झालं.

पालकांची अडचण वेगळीच, हरवायचं की नाही मुलाला? मी काही बोलले नाही, फासा आहे, फाशाला ठरवू दे.

७ सप्टेंबर, सत्र ६

आज पुन्हा फक्त पालक. कागद दिले आणि भराभर संख्या सांगितल्या, आकड्यात लिहा: सत्तावन्न, एकोणसत्तर, पंच्याहत्तर, एकोणऐंशी, त्र्याण्णव. अकरा जणांपैकी चौघांनी एकोणऐंशी ला ८९ लिहिलं! शिकलेली, नोकऱ्या करणारी माणसं. मग सगळे आपापला कागद झाकायला लागले.

आपल्या मराठी संख्यानामांमध्ये पोरांसाठी किती खड्डे आहेत ते बोलताना आपल्याला जाणवत नाही. पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतो, वीस नंतर, आणि लिहायचं मात्र २ आधी. मूल ऐकेल तसं लिहितं, ५२. जर्मनमध्येही असंच आहे म्हणे "पाच आणि वीस", तिथली मुलंही तशीच उलटं लिहितात. एकोणतीस तर कहर, त्यात तीस ऐकू येतो पण संख्या विशीतली. एका मुलीच्या वहीत ३९ होतं, तिला विचारलं तर म्हणाली, "एकोण म्हणजे नऊ, आणि तीस." एकोणीसवरून तिने स्वतःचा नियम बनवला होता, आणि नियम वाईट नाहीये, भाषाच वाकडी आहे. आणि बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, यात "दोन" कुठेच नाही, फक्त "ब" आहे. हे मी इतकी वर्षं शिकवूनही परवा पहिल्यांदा मोठ्याने म्हणून बघितलं.

उपाय काही जादूचा नाही. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, रबर लावून, आणि दोन्ही नावं शेजारी शेजारी: "दोन दहा आणि पाच, पंचवीस". महिनाभर तसंच बोलायचं. रबर मुलानेच लावायचं. मी आधी तयार गठ्ठे दिले होते, तर पोरांसाठी तो गठ्ठा म्हणजे "एक जाड काडी" झाला. स्वतः दहा मोजून बांधला आणि सोडून परत मोजला की मग तो दहाचा होतो.

घरी एक प्रयोग करायला सांगितला: सोळा झाकणं मोजायची, १६ लिहायचं, मग ६ वर बोट ठेवून "एवढे दाखव", मग १ वर बोट ठेवून "एवढे दाखव".

९ सप्टेंबर

ग्रुपवर धडाधड मेसेज. ६ ला सगळ्यांनी सहा झाकणं दाखवली. १ ला आठ मुलांनी एक झाकण दाखवलं. उरलेली नऊ झाकणं टेबलावर तशीच, आणि मुलांना त्यात काही खटकत नाही. त्यातली दोन मुलं हातच्याच्या बेरजा करतात. "ताई, मग तो इतके दिवस करत काय होता?" हा प्रश्न रात्री साडेअकराला आला.

१४ सप्टेंबर, सत्र ७

त्याच प्रश्नापासून सुरू केलं. २७ + १५ त्या मुलाने झरझर केलं. "सात आणि पाच बारा, बाराचे दोन, हातचा एक." मी विचारलं हा एक कसला? तो म्हणाला, "हातातला." हातचा एक म्हणजे हातात धरलेला एक! शब्दच तसा आहे, त्याचं काय चुकलं. काड्यांनी केलं, बारा सुट्या काड्यांतून दहा बांधल्या, तो गठ्ठा उचलून गठ्ठ्यांत ठेवला, मग विचारलं, "काय ठेवलंस?" "दहा." आता घरी "हातचा एक" ऐवजी "हातचा एक दहा" म्हणायचं ठरलंय. लांबलचक आहे, पण म्हणू दे.

दुसरी शब्दाची गंमत आज अचानक सापडली, तयारीत नव्हती. फळ्यावर ८ + ४ = ☐ + ५ लिहिलं. तीन मोठी मुलं आली होती, दोघांनी चौकटीत १२ लिहिलं, एकीने सगळं मिळवून १७. हे जगभर होतं, मुलांना = म्हणजे "आता उत्तर लिहा" वाटतं. पण आपल्याकडे आपण त्या चिन्हाला म्हणतो काय? "बरोबर". आणि उत्तर आलं की बाई काय म्हणतात? "बरोबर"! एका आईने हे बोलून दाखवलं आणि सगळे दोन मिनिटं हसत होते. मग आम्ही "तेवढेच" म्हणून बघितलं: आठ आणि चार *तेवढेच, जेवढे* काहीतरी आणि पाच. दोन बाजूंना झाकणांचे ढीग ठेवले. सतरा लिहिणारी मुलगी दोन्ही ढिगांकडे बघत राहिली, उजवीकडे एकेक झाकण टाकत गेली आणि सातला थांबली. बाकी दोघांचं आज नाही झालं, ठीक आहे.

७ = ☐ + ३ लिहिलं तर एकजण म्हणाला, "हे उलटं लिहिलंय." रोजच्या वहीत कधी तसं बघितलेलंच नसतं. आठवड्यातून दोनचार उदाहरणं उलटी लिहायची, एवढंच करायचं.

२१ सप्टेंबर, सत्र ८

हे सत्र मूळ बेतात नव्हतं, आणि सातवंही. शाब्दिक उदाहरणं. "पाच पक्षी आहेत आणि तीन अळ्या आहेत, पक्षी अळ्यांपेक्षा किती जास्त?" बहुतेक मुलं म्हणाली पाच, दोघं म्हणाली आठ कारण "जास्त" म्हटलं की मिळवायचं असं घरी सांगितलंय. "एकूण आलं की बेरीज, उरले आलं की वजाबाकी" हा पालकांचा लाडका शॉर्टकट. मग तेच असं विचारलं: "प्रत्येक पक्षी एक अळी धरायला गेला, किती पक्ष्यांना मिळणार नाही?" "दोन!" लगेच, कोरसमध्ये. हा हडसन नावाच्या संशोधकाचा १९८३ मधला प्रयोग आहे, मी फक्त उचलला. गणित तेच आहे, वाक्य अडवत होतं.

एक आजोबा (पाढेवाले, ते शेवटपर्यंत आले) म्हणाले, मग शब्द ओळखून क्रिया करायची हे चूकच का? मी म्हटलं तुम्हीच बघा: "माझ्याकडून तीन झाकणं हरवली, आता पाच उरली, आधी किती होती?" यात "हरवली" पण आहे, "उरली" पण आहे, आणि करायची बेरीज. त्यांनी कागदावर लिहिलं, घरी नेलं. आणि पाढे? पाढे म्हणायला ना नाही, फक्त चार त्रिक बारा म्हटल्यावर झाकणांच्या तीन-तीनच्या चार ओळी लावून दाखवता आल्या पाहिजेत. ते म्हणाले हे मी करून घेतो.

२५ सप्टेंबर

हिशोब. सत्रांचे बारा तास, तयारीचे अंदाजे साठ, त्यातले वीसेक वाया (स्लाइड्स, नागमोडी पट, लॅमिनेशनचे तक्ते). पालक २२ वरून ११. पिशव्या ११ परत आल्या, झाकणं २२० पैकी १९७, दोन फासे गायब, रबरं बहुतेक सगळी.

काय जमलं नाही ते: वजाबाकी. बेरजेवर इतका वेळ गेला की वजाबाकीला फक्त "काढून टाकणं" एवढ्यावर सोडावं लागलं. ९ - ७ साठी मुलं अजून नऊ बोटांतून सात मिटतात, सातपासून वर "आठ, नऊ" असं दोन पावलं चालत नाहीत, आणि हे दाखवायला मला अजून चांगली रीत सापडली नाही. दहा खणांच्या पट्टीवर दोन सोंगट्या ठेवून "याला त्याच्यापर्यंत जायला किती पावलं?" असं भाचीबरोबर चालू आहे, तिसऱ्यांदा तिने उठून स्वतःच चालून दाखवलं.

पुढची बॅच: पहिल्याच दिवशी कखग, मुलांना घेऊन दुसऱ्या दिवशी "मला पाच दे", पालक मुलांच्या मागे. वीस पुठ्ठे कापून ठेवलेत, आखायचे नाहीत, ते त्यांनीच आखायचे. आणि झाकणं अजून लागतील, साठेक तरी.